सतरा नंबरचा आरसा

शहापूरजवळच्या सापगावात चांगो विशेला सगळे 'विमानवाला' म्हणायचे. आता खरं सांगायचं तर विमानात तो जन्मात कधी बसला नव्हता. विमानाच्या इंजिनात मात्र शेकडो वेळा बसला होता. पुढच्या तोंडातून आत शिरायचं, गुडघ्यांवर रांगत पंख्यापर्यंत जायचं आणि एकेक पातं बोटानं चाचपायचं, हेच त्याचं काम. गावातल्या रिकामटेकड्यांना ही थाप वाटायची, पण बारा वर्षं रोज पहाटे पाचला घर सोडून कोणी थापा मारायला जात नाही.

त्याची आई बाईजा एकदा ओसरीत बसून म्हणाली, "एवढा लोखंड उडतो तरी कसा रे?"

चांगोनं भात उफणायच्या पंख्याकडे बोट दाखवलं. "असाच मोठा पंखा पुढं असतो. तो हवा ओढतो. बरीचशी हवा मधल्या यंत्राच्या बाजूनं मागं जोरात फेकतो, तिच्याच रेट्यानं विमान पुढं जातं. थोडी हवा मधल्या भोकात शिरते. तिथं बारक्या पात्यांच्या रांगा असतात, एकीमागं एक. दर रांग हवेला आणखी दाबते. त्या दाबलेल्या हवेत रॉकेलासारखं तेल फवारून पेटवायचं. ती आग मागं पळते, पळताना मागची चाकं फिरवते, आणि त्या चाकांचा दांडा पुढच्या पंख्याला फिरवतो."

"म्हणजे मागचा पुढच्याला चालवतो?"

"हां."

"मंग आपल्या घरात पण तसाच हाय," बाईजा सुनेकडे बघून म्हणाली, आणि कमळ पदर तोंडाला लावून हसली.

बाईजाची एक खंत मात्र होती. दर दसऱ्याला ती कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि नवऱ्याची कुऱ्हाड पाटावर मांडायची. ज्या हत्याराचं आपण खातो त्याला त्या दिवशी हळद-कुंकू लागलंच पाहिजे, हा तिचा नेम. मग दरवर्षी विचारायची, "तुझा हत्यार कुठं हाय?" चांगो सांगायचा, कंपनीची हत्यारं घरी आणत नाहीत. तरी ती पाटावर त्याच्यासाठी थोडी जागा सोडायचीच.

अठ्ठ्याण्णव सालच्या खंडेनवमीची गोष्ट. एका विमानाच्या डाव्या इंजिनात उतरताना बगळा गेला होता. चांगो तोंडातून आत शिरला, दोन पात्यांवरचे ओरखडे आपल्या वरच्या कुरियन साहेबांना दाखवले, कानशीनं घासून गुळगुळीत केले. पंख्याच्या मागे, मधल्या भोकाच्या तोंडाशी डोकं जात नाही. तिथं बघायला लांब दांडीचा छोटा आरसा असतो. दांडी आत सरकवली की पेनाएवढा होतो. बघून झालं. तेवढ्यात बाहेरून हाका आल्या. हँगरमध्ये नवमीची पूजा होती, नारळ फुटत होता. चांगो बाहेर आला, हत्यारांची पेटी भरली, वहीत 'पूर्ण' लिहून त्यावर आपला शिक्का मारला.

हा शिक्का म्हणजे चांगोची सगळी इज्जत. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर, अगदी मागच्या वर्षी तो त्याला मिळाला होता. शिक्का असलेला माणूस म्हणाला की झालं, तर झालं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी सव्वादहाला त्यानं दुसऱ्या कामासाठी पेटी उघडली. पेटीतल्या स्पंजात दर हत्याराच्या आकाराचा खड्डा कोरलेला असतो, म्हणजे काही कमी असलं तर आंधळ्यालाही कळावं. सतरा नंबरचा खड्डा रिकामा होता.

चांगोनं त्या खड्ड्यात बोट घालून बघितलं.

आरसा कुठं होता? पेटीत ठेवल्याचं आठवत होतं. नाही, ठेवावा असं मनात आल्याचं आठवत होतं, आणि या दोहोंत फरक असतो. शेवटचा तो हातात होता इंजिनाच्या तोंडात. तिथं राहिला असेल तर? पंखा फिरला की तो मधल्या भोकात ओढला जाईल. पहिल्या रांगेचं एक पातं तुटेल, ते तुटलेलं पातं मागच्या रांगा तोडत जाईल, आणि हे सगळं विमान जमीन सोडत असताना होईल. आत एकशे तीस माणसं.

कालपासून ते विमान जागेवरच होतं. आणि आत्ता त्याचे दरवाजे लागलेले चांगोला दिसत होते.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याचं मन लगेच वकिली करू लागलं. पडला असेल इथंच कुठं. शोधू आधी. वहीवर तुझा शिक्का आहे, बोललास की गेला. तो टेबलाखाली वाकलासुद्धा. मला त्याचा राग येत नाही. आपणही आधी टेबलाखालीच बघतो.

तेवढ्यात उजवं इंजिन सुरू झालं. आधी उजवं, मग डावं, हा तिथला क्रम. घरघर चढत चढत शीळ झाली. आता मिनिटभरात डावं.

चांगो धावला. कुरियन साहेब विमानाच्या नाकाखाली, कानाला फोन लावून पायलटशी बोलत उभे होते. चांगोनं त्यांचा दंडच धरला.

"साहेब, डावा मत चलाओ! आरसा नाय माझा. मेरा आरसा अंदर असेल!"

साहेबांनी एक क्षण त्याच्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाले, "स्टॉप. नंबर वन, डावं इंजिन, स्टार्ट करू नका."

शीळ उतरत उतरत विझली. माणसं शिव्या देत खाली उतरली. चांगोला इंजिनापासून लांब उभं केलं गेलं. दुसराच मेकॅनिक आत शिरला. मग टोकाला डोळा असलेली सापासारखी नळी पात्यांच्या रांगांमध्ये घातली. तासभर झाला, दीड तास झाला. काही सापडेना. सापडत नव्हतं याचंच भय जास्त, कारण नळीला दिसलं नाही म्हणजे नाही असं कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही.

मग चांगोला कालचा शर्ट आठवला. दसऱ्याला धुवायला म्हणून तो घरी नेला होता. त्यानं सापगावच्या किराणा दुकानात फोन लावला आणि कमळला बोलवायला सांगितलं. वीस मिनिटांनी पुन्हा लावला, तेव्हा कमळच बोलली.

"अवो, तो खिशातच होता, पेनासारखा. आईंनी पाटावर पुजलाय. त्यांना वाटला, तुमीच त्यांच्यासाठी आणलाव."

चांगोनं फोन ठेवला. सुटलो म्हणून रडू आलं की शरमेनं, त्याला सांगता आलं नसतं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "फोनवरचा आरसा मी मोजत नाही. नंबर माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हे विमान हलणार नाही."

आता दुसरा पेच. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत पाटावरून उचलायचं नाही, हाही बाईजाचाच नेम. चांगोनं तिला फोनवर बोलावलं.

"आये, त्याच्यावाचून विमान अडलाय. एकशे तीस माणसं हायत."

"उचलायचाच तर मीच उचलीन," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाच्या हातानं नको."

साडेतीनला विमानतळाच्या फाटकाशी सासू-सुना उभ्या होत्या. बाईजानं कमरेची चंची सोडली. आत आंब्याच्या पानात गुंडाळलेला आरसा होता, हळद-कुंकवाने माखलेला. साहेबांनी रुमालानं दांडी पुसली. सतरा.

"माझ्या पोराला काय करशील?" बाईजानं विचारलं.

"शिक्का जाईल, आई," साहेब म्हणाले. "पण तो बोलला. म्हणून नोकरी राहील."

चारला डावं इंजिन सुरू झालं, तेव्हा चांगो फाटकापाशी आईशेजारी उभा होता. विमान दिसेनासं होईपर्यंत दोघं वर बघत राहिली. चुकलेल्या माणसाशी काय बोलायचं, ते बाईजाला कळत नव्हतं. आणि चूक आपली की त्याची, हेही.

चांगोनं पुढचे दहा महिने सुटे भाग धुतले. शिक्का असलेली नवी पोरं त्याच्यासमोरून जायची. तो खाली मान घालून ब्रश चालवायचा. दहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा झाली आणि शिक्का परत मिळाला.

पुढच्या दसऱ्याला त्यानं सुट्टी घेतली होती. बाईजानं कोयता, विळा, फाळ, कुऱ्हाड मांडली. नेहमीच्या मोकळ्या जागेत तिनं तांदळाच्या पिठानं एक आकार काढला: लांब दांडी, टोकाला गोल. आत काहीच ठेवलं नाही. त्या रिकाम्या आकाराला तिनं हळद-कुंकू वाहिलं.

"यात काय नाय ना गो, आये?" चांगो म्हणाला.

"त्या दिवशी पेटीत पण काय नव्हता," बाईजा म्हणाली. "तो रिकामा खड्डा बघून तू धावलास. पाया पड त्याच्या."