निकिफोरोस चितारी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नागपूरला आईशी रोज बोलते, तिलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही.

कॅनडात हॅमिल्टनला शिकायला आले तेव्हा मी एका बेसमेंटमध्ये राहायचे. आठवड्यातल्या तीन दुपारी एका म्हाताऱ्या प्रोफेसरांकडे लिखाणाच्या मदतीला जायचे. स्टाव्रोस त्यांचं नाव. इथे सगळे नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही — मी सरच म्हणायचे. ते मूळचे ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहराचे. रोमचं साम्राज्य पश्चिमेकडे बुडालं, तरी पूर्वेकडे पुढे हजारेक वर्षं चाललं. त्या बायझंटाइन काळातली चर्चेस, भिंतींवरची चित्रं, शहराचा कोट — हा त्यांचा जन्माचा विषय. ते तरुण होते तेव्हा त्यांच्या गल्लीतले लोक त्या कोटाच्या विटांना सायकली टेकवून ठेवायचे. सर शाळेतल्या पोरांना घेऊन त्याच भिंतींसमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, हात लावून बघा. कॅनडात आल्यावर त्यांनी इथले विद्यार्थी तयार करून तिकडे पाठवले. त्यातले काही तिथेच राहिले, त्यांनी पुढे आपले विद्यार्थी घडवले.

मी त्यांना भेटले तेव्हा त्यांची नजर गेली होती. समोरचं काही नाही, कडेचं तेवढं धूसर. शेवटचं पुस्तक ते तोंडी सांगायचे, मी टाइप करायचे. त्यांनी पूर्वी काढलेल्या फोटोंची खोकी होती. मी एकेक फोटो भिंगाखाली धरून वर्णन करायचे. ग्रीक अक्षरं त्यांनीच मला शिकवली, टेबलावर बोटाने गिरवून. कधी कधी मध्येच थांबून ते मनातल्या मनात त्या शहरात चालायला लागायचे. "आता जुन्या हमामखान्याच्या बाजूने वर चढायचं. दम लागतो. मग मागे वळलं की समुद्र." खिडकीबाहेर बर्फ असायचा. मलाही तेव्हा नागपूरचा सीताबर्डीचा चढ आठवायचा, आणि आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसायचो. तसं गप्प बसणं मला नंतर कुणाबरोबर जमलं नाही.

हे सगळं मी का लांबवतेय? कारण पुढचं सांगायचं नाहीये.

पुस्तकातलं एक प्रकरण सरांना सगळ्यांत प्यारं होतं. एका लहान चर्चमध्ये, कमानीखालच्या कोपऱ्यात, चित्र काढणाऱ्याने स्वतःचं नाव कोरलं होतं — निकिफोरोस चितारी. पुढे डागडुजीत त्यावर गिलावा चढला. सर म्हणायचे, "राजांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. या माणसाचं नाव मी एकट्याने पाहिलंय." पुरावा एकच, त्यांनी काढलेला फोटो.

एका दुपारी मला रिचमंड हिल या दुसऱ्या गावी नोकरीचा इंटरव्ह्यू होता. नोकरी लागली तरच पुढे पी.आर.साठी, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, अप्लाय करता येणार होतं. बस सुटायला वीस मिनिटं होती. सर म्हणाले, "तळघरातल्या खोक्यात तो फोटो असेल. कमानीखाली काय दिसतं, बघून सांग."

मी खाली गेले. खोकं दुसऱ्या दोन खोक्यांखाली होतं. मी — ते उघडलंच नाही. जिन्यात क्षणभर उभी राहिले आणि वर आले.

"भिंत कोरी आहे, सर."

"नीट बघितलंस? डाव्या कोपऱ्यात?"

"बघितलं. काही नाही."

ते म्हणाले, "म्हणजे मी ते मनाने रचलं असणार. म्हातारपणी असं होतं म्हणतात." मी कोट चढवला आणि बस गाठली.

पुढच्या खेपेला त्यांनी मला ते प्रकरण काढून टाकायला सांगितलं. मी काढलं. त्यानंतर ते दर वाक्याला अडखळायला लागले. "हे खरंच असं होतं का, की हेही मी रचतोय?" आणि त्या शहरातून चालणं त्यांनी बंद केलं. समुद्राचं नाव पुन्हा काढलं नाही.

महिनाभराने खोकी आवरताना तो फोटो माझ्या हाती आला. भिंगसुद्धा लागलं नाही. सरांनी शिकवलेल्या अक्षरांत ते नाव मी सहज वाचलं. सर वर आरामखुर्चीत होते, बारा पायऱ्यांवर. पुस्तक अजून छापायला गेलेलं नव्हतं. पण नोकरीसाठी त्यांचं शिफारसपत्र यायचं होतं — आणि खोटं कबूल करायला तोंड कुठून आणू? मी फोटो परत खोक्यात ठेवला. पत्र आलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की ही मुलगी माझे डोळे आहे.

त्यानंतर सर दोन वर्षं जगले. मी दर दिवाळीला त्यांच्याकडे चिवडा घेऊन जायचे. दर वेळी खरं सांगायचं ठरवून जायचे, आणि हवापाण्याचं बोलून परत यायचे.

सर गेल्यावर त्यांच्या मुलीने, एलेनीने, सगळी खोकी थेस्सालोनिकीला पाठवली. तिथे त्यांच्या शिष्यांनी दोन खोल्यांची अभ्यासिका उघडली आहे. पोरं येतात, नकाशे काढतात, भिंतींसमोर उभी राहतात. मागच्या वर्षी दिमित्रा नावाच्या एका तरुण संशोधिकेचा मला व्हिडिओ कॉल आला. तिला खोक्यात तो फोटो सापडला होता. नाव वाचून ती थरारली होती. त्यावर ती लेख लिहीत होती.

तिने अदबीने विचारलं, "एवढी मोठी गोष्ट सरांच्या पुस्तकात नाही, याचं आश्चर्य वाटतं. शेवटी शेवटी त्यांच्या जवळ तुम्हीच होतात. त्यांची स्मरणशक्ती कमी झाली होती का?"

आता मला कशाची भीती होती? पी.आर. मिळालं होतं, घर झालं होतं, सर नव्हते. माझं कुणी काही बिघडवू शकत नव्हतं. तिच्या मागे भिंतीवर सरांचा तरुणपणीचा फोटो होता, डोळे लख्ख उघडे.

मी म्हणाले, "हो. थोडं विसरायला लागले होते."

तिने ते लिहून घेतलं. लेख छापून आलाय. तळटिपेत माझ्या नावाने ते वाक्य आहे.