फळ्यावरचं कृष्णविवर

१७ जानेवारी २००९, सकाळी सात. मित्रांनो, मी वडीगोद्रीच्या स्टँडवर रोजच्यासारखा गावाचा फळा लिहीत होतो. कापसाच्या भावाखाली लिहिलं, ‘लंबगोल दीर्घिकेच्या मध्यातलं कृष्णविवर सगळे तारे गिळतं.’

चहावाले काका म्हणाले, "मंग आतापर्यंत एकबी तारा कसा काय उरला रे?"



दुपारी नेटकॅफेत वाचलं. तारे बहुतेक फिरतच राहतात. वायूचे ढग मात्र एकमेकांना घासून वेग गमावतात आणि आत ओढले जातात.

काकांना सांगितलं. ते हसले, "अन् कापसाचा भाव तरी बराबर हाये का?"

तेव्हापासून चैन नाही. उद्या फळ्यावर ‘काल माझं चुकलं’ असं लिहू का? मग वरचा भाव कोण खरा मानील?