दिवाणजींसह मांडवगडला

देवासहून निघालो तेव्हा गाडीत एक तंबू, दोन सतरंज्या, शेवेचा मोठा पुडा, आमचे हे आणि दोन कुत्री एवढा ऐवज होता. चकली आमची, गल्लीतून उचललेली, कुणाच्याही मांडीवर बसणारी. दुसरे दिवाणजी. ते माझ्या वडिलांचे, धारचे. अण्णांचे पणजोबा धार संस्थानात कारकून होते, तेवढ्या ऐटीवर अण्णांनी कुत्र्याचं नाव दिवाणजी ठेवलं आणि त्याला कायम अहो-जाहो केलं. "या, बसा. जेवलात का?" उन्हाळ्यात अण्णा गेले आणि दिवाणजी आमच्याकडे आले. चार महिन्यांत माझ्या एकाही हाकेला त्यांनी मान वळवली नाही.

मीही कमी नाही. अहो मी फक्त नवऱ्याला म्हणते, कुत्र्याला म्हणणार नाही, असं ठरवूनच टाकलं होतं. मी "ये रे दिवाण्या" म्हणायची आणि ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. शेवटी सरदारपूरचे एक ओळखीचे शेतकरी त्यांना ठेवून घ्यायला तयार झाले. एक रात्र मांडवगडला काढायची (मांडूला आमच्या जुन्या घरांत अजून मांडवगडच म्हणतात) आणि परतताना दिवाणजींना सरदारपूरला सोडायचं, असा बेत होता. अण्णांचं मागे उरलेलं एकुलतं एक माणूस मी घालवायला निघाले होते, आणि त्यासाठी सहलीचं निमित्त काढलं होतं. लाज वाटत होती, पण निघाले.

धार मागे पडलं, वळणं सुरू झाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकदम खोल हिरवी दरी उघडली. पाऊस नुकताच संपला होता. मी कितीदा तरी आले आहे इथे, पण दरवेळी इथे आलं की बोलणं थांबतं. वर खुरासानी इमलीची झाडं उभी होती. (तिला इमली म्हणतात, पण चिंचेशी तिचं काही नातं नाही. बुंधा एवढा की चार माणसांच्या कवेत मावत नाही.) चकलीने एका बुंध्याला पूर्ण फेरी मारली आणि स्वतःच दमून बसली. दिवाणजी मात्र मान वर करून झाडाकडे बघत राहिले. मीही बघत राहिले.

भेरूबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने दरीच्या काठचं आपलं शेत आम्हाला तंबूसाठी दिलं. ह्यांनी तंबू उलटा लावला, दार दरीकडे. भेरूबा म्हणाले, "भिया, रात में सीधा नीचे जाओगे." आम्ही तो काढून पुन्हा लावला. संध्याकाळी त्यांच्या घरून दाल-पानिये आले (पानिये म्हणजे पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे जाड रोडगे). चकलीने माझ्या ताटातले दोन पळवले. दिवाणजींनी वासही घेतला नाही.

सकाळी उठले तर दरी नव्हती. काठापर्यंत धुकं भरलं होतं, पांढरंशुभ्र, आणि त्यावर कोवळं ऊन पसरत होतं. इतकं देखणं काही मी पाहिलं नव्हतं. मग खाली बघितलं. दिवाणजींचा पट्टा खुंटीला तसाच होता, त्यात मान नव्हती.

मी काठावर जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडले, "दिवाण्याऽऽ!" समोरच्या कड्यावरून माझीच हाक परत आली, मग डावीकडून, मग कुठून तरी खालून. धुक्यात एक भुंकणं ऐकू आलं. ते जवळ आलं आणि लगेच लांब गेलं.

भेरूबा धावत आले. "बेन, चिल्लाओ मत. खोह में आवाज घूमती है, कुत्ता आवाज के पीछे उतर जाएगा." (खोह म्हणजे दरी.) मी तोंडावर हात ठेवला. इतका वेळ मी माझ्याच हाकेने त्यांना खाली ढकलत होते.

चकली मात्र एका जागी कड्याशी पोट टेकून, शेपटी हलवत खाली बघत होती. तिथून शेळ्यांची पायवाट उतरत होती. मी तिच्याशेजारी बसले. अण्णा कधी आवाज चढवत नसत. मीही तशीच, ओसरीवर बसल्यासारखं, हळूच म्हणाले, "अहो... या ना. चुकलं माझं. या, बसा."

तंबूतून हे म्हणाले, "आलोच. काय झालं?"

धुकं हललं. आधी दोन कान दिसले, मग भिजलेलं अंग. दिवाणजी घाई न करता, पायऱ्या चढल्यासारखे, वर आले. माझ्यासमोर थांबले, तोंडाकडे बघितलं आणि माझ्या पायांवर सगळा भार टाकून बसले. अण्णा गेल्यावर मी धड रडले नव्हते, ते तिथे रडले. त्यांच्यामागे धुकं विरत गेलं आणि दरी पुन्हा होती तेवढी खोल झाली.

धारला सरदारपूरचा फाटा आला. ह्यांनी गाडी हळू केली आणि काही न विचारता सरळ देवासचा रस्ता धरला. सरदारपूरला फोन मीच केला. पूर्वी मला वाटायचं, अहो म्हटलं की आपण लहान होतो. त्या काठावर मी होतेच लहान, आणि मला ते आवडलं होतं.

घरी पोचल्यावर मी दार उघडून धरलं. "अहो, या."

"येतोय," डोक्यावर तंबू घेतलेले हे म्हणाले. पण त्यांच्या पायांमधून वाट काढत दिवाणजी आधी आत गेले.