आप्पांचं जन्मगाव आणि कडुनिंबाखालची बाई

भूतबित सगळं थोतांड, असं मी वर्गात ठणकावून सांगत आले. मुरुमच्या शाळेत गणित शिकवते ना... पण आमच्या आप्पांच्या जन्मगावानं माझी बोलती बंद केली!

आप्पा म्हणजे माझे आजोबा, शिवलिंगप्पा. जन्म चाळीसच्या दशकातला, निजामाच्या राज्यातला. सव्वा महिन्याचे असताना त्यांची आई गेली. बाळंतपण तिच्या माहेरी झालेलं, पण ते माहेर कुठलं हे कुणालाच ठाऊक नाही. रझाकारांच्या धामधुमीत वडील त्यांना घेऊन मुरुमला आले, आणि त्या गावाचं नाव त्यांनी पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

"मायच्या गावची माती कपाळाला लावल्याबिगर म्या जानार न्हाय," हे आप्पांचं पालुपद.

"मग शोधतच नाही!" मी म्हणायचे. चेष्टा हो... पण ऐंशीच्या माणसाचा आईसाठी तुटणारा जीव बघवत नव्हता.

शेवटी उमरग्याच्या कचेरीत अर्ज दिला. जन्माच्या वह्या, खानेसुमारीच्या म्हणजे जनगणनेच्या याद्या — सगळं उर्दूत. ओळखीच्या एका रिटायर्ड उर्दू मास्तरांना वाचायला सोबत घेतलं. कुठल्या गावची वही बघायची तेही माहीत नाही. तीन दिवस नुसतं 'शिवलिंग' शोधतोय, अन् नाव कुठंच नाही!

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली दशम्या सोडल्या. मास्तर शेजारीच बसलेले. तेवढ्यात हिरव्या इरकलीतली एक बाई आप्पांसमोर येऊन बसली. फार तर वीस-बावीसची. तिनं सरळ आप्पांचं नाक चिमटीत धरलं आणि हसली.

"आरं, नाक टोचल्यालं लेकरू तू! शिवलिंग हुडकून कसं घावंल? आदीची दोन जगली न्हाईत म्हून दगडू नाव घातलं व्हतं तुला. सास्तूरची वही बगा."

माझं डोकंच सणकलं. ऐंशीच्या माणसाला अरे-तुरे? आणि आप्पा — एरवी कुणी नुसता आवाज चढवला तरी घर डोक्यावर घेणारे — गप तोंड उघडून बसलेले! तिनं दशमीचा घास मोडून त्यांना भरवला. मी पाणी द्यायला तांब्याकडं वळले... परत बघते तर बाई नाही.

"मास्तर, कुठं गेली हो ती?"

"कौन बाई? मेरेकू लगा, आप्पांना जांभई आली!"

सास्तूरच्या वहीत 'दगडू' होता. वडिलांचं नाव, आडनाव आमचंच. मास्तरांनी दोनदा वाचलं. लेकरं जगत नसली की असली नावं ठेवायचे, नाक टोचायचे, हे मीही ऐकलेलं. पण आप्पांच्या नाकावरचा खड्डा आम्ही सगळे देवीचा व्रण समजत आलो होतो.

दुसऱ्याच दिवशी सास्तूर गाठलं. जुनं गाव भूकंपात गेलेलं. तिथल्या ओसाड गावठाणात आप्पांनी मूठभर माती उचलून कपाळभर फासली, वर मलाच दम दिला, "बगतीस काय, फोटू काढ की!"

आता म्हणा, नाकावरून कुणीही ओळखलं असेल. पण दगडू? सास्तूर? परतताना जीपमध्ये आप्पांनाच विचारलं, "कोण होती हो ती?"

आप्पा हसत होते, अन् धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

"मला काय ठावं? मायचं तोंड म्या कदी बगितलंच नव्हतं... लई तरणी व्हती गं."