खाऱ्या पाण्याचं रीळ

शेळके जमादारांनी मासेमारीचं रीळ काउंटरवर ठेवलं आणि हात मागे घेतला.

"फिरवून बघा," ते म्हणाले.

अब्बासभाईंनी हँडल धरलं. ते हललं नाही. जोर लावला, तरी नाही. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रीळ माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "घे प्रोफेसर. तुझं पाखरू घरी परत आलं."

मीही फिरवून पाहिलं. जणू कुणी आत डिंक ओतून ठेवला होता. माझे कान गरम झाले.

"पाच म्हैने बी झाले न्हाईत," जमादार म्हणाले. "हितंच उभा ऱ्हाऊन तू काय म्हन्ला हुता? जमादारसाहेब, दहा वर्षं बघायला नको. मी तिकडं आमच्या सायबाला सांगून बसलोय, आमच्या नगरच्या दुकानातलं हाय, तुमाला बी आसंच आनून देतो. आता त्यांना हे दाखवू व्हय?"

मी तसं म्हणालो होतो. शब्दही तेच होते.

आमचं दुकान कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यावर आहे. मालक अब्बासभाई. तंबू, थर्मास, काडतुसांचे पट्टे, कंदील, मासेमारीचं सामान असा माल असतो. यातला बराचसा जुना. बदली झालेले मिलिटरीतले साहेब जाताना वस्तू ठेवून जातात, विकल्या गेल्या की अब्बासभाई आपलं कमिशन कापून पैसे मनिऑर्डरने पाठवतात. परदेशी माल नवा मिळणं अवघड, त्यामुळे हौशी माणसं आमच्याकडेच येतात.

मी सकाळी कॉलेजला जातो आणि दुपारपासून दुकानात असतो. वस्तू उघडून साफ करणं, तेलपाणी करून पुन्हा जोडणं हे माझं काम. राहतो दुकानाच्या माळ्यावर. आमचं गाव खर्ड्याच्या पलीकडे. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. यंदाच्या दुष्काळात वडील आणि थोरला भाऊ रस्त्याच्या सरकारी कामावर खडी फोडत आहेत. तेव्हा हे काम सुटलं तर माळा सुटणार, आणि माळा सुटला तर कॉलेज. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ज्यांनी रीळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मीही दोन वर्षांपूर्वी पाहिलं नव्हतं. मासे धरायच्या काठीला खालच्या बाजूला हे लहानसं यंत्र बसवतात. त्यात तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला असतो. गळ लांब फेकला की दोरा भराभर सुटतो. हँडल फिरवलं की तारेची एक कडी गोल फिरून तो परत गुंडाळते. या कडीला बेल म्हणतात. मासा जोरात ओढू लागला तर दोरा तुटू नये म्हणून रीळ स्वतःच थोडा थोडा दोरा सोडतं. त्याला ड्रॅग म्हणतात. बाकी आत दोन-तीन गिअर असतात. घड्याळापेक्षा सोपं आणि सायकलपेक्षा थोडं अवघड, इतकंच.

शेळके मूळचे आमच्या जिल्ह्यातलेच. फौजेत एका साहेबांचे ऑर्डर्ली होते, तिथे मासेमारीचा नाद लागला. पेन्शनीनंतर कोकणात कस्टमच्या चौकीवर जमादार म्हणून लागले. पाच महिन्यांपूर्वी ते दुकानात आले तेव्हा म्हणाले होते, "आठवड्यातनं चार दिस मी धक्क्यावर आसतो. खारं पानी. लई भारी नको, आन लई हलकं बी नको. टिकंल आसं द्या."

दुकानात तेव्हा तीन रिळं होती. पहिलं एका मेजरसाहेबांचं, आरशासारखं चकचकीत आणि सगळ्यांत महाग. दुसरं पत्र्याचं, स्वस्त. तिसरं मधल्या किमतीचं, काळपट हिरव्या रंगाचं आणि वजनाला जड. ते वर्षभर कपाटात पडून होतं, कारण दिसायला ते काहीच नव्हतं.

अब्बासभाईंनी चकचकीत रीळ पुढे केलं. जमादार माझ्याकडे वळले. "तू उघडतो न्हवं ही? तू सांग, पोरा."

मालकासमोर काय बोलावं ते मला कळेना. शेवटी म्हणालो, "आठ दिवस द्या. बघून सांगतो."

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. त्या पाण्याचा चहा नासतो आणि भांडी पांढरी पडतात. तिथल्या पंपाचे लोखंडी नटबोल्ट दोन-तीन वर्षांत खाल्ले जातात, पितळेचा बुश मात्र तसाच राहतो. बुश म्हणजे ज्या कड्यात दांडा फिरतो ते कडं. समुद्राचं पाणी म्हणजे आमच्या विहिरीचा थोरला भाऊ, असं मी धरून चाललो.

मी तिन्ही रिळं तपासायला घेतली. पत्र्याचं रीळ रिव्हेट मारून बंद केलेलं होतं. जे उघडत नाही ते धुता येत नाही आणि दुरुस्तही होत नाही, म्हणून ते बाद. उरलेल्या दोघांना मी जुन्या लाऊडस्पीकरमधलं लोहचुंबक लावून पाहिलं. चकचकीत रिळाचे सगळे स्क्रू चुंबकाला चिकटले. म्हणजे आत साधं लोखंड, वर नुसता मुलामा. हिरव्या रिळाचे स्क्रू चिकटले नाहीत. त्याचा मोठा गिअर आणि बुश पितळेचे होते. बेलच्या टोकाला जिथून दोरा घासत जातो तिथलं लहान चाकही मोकळं फिरत होतं. चकचकीत रिळात बेअरिंगा जास्त होत्या, पण जास्तीची बेअरिंग ही गोड्या पाण्यात चैन असली तरी खाऱ्या पाण्यात ती गंजण्याची आणखी एक जागा, असं मला वाटलं.

तरी खात्री हवी होती. मी दोन्ही रिळांचा एकेक स्क्रू काढला आणि चहाच्या दोन ग्लासांत मिठाचं पाणी करून त्यात टाकला. ग्लास फळीवर ठेवले.

सहाव्या दिवशी अब्बासभाईंना ते दिसले. "हे काय रे? स्क्रूंचं लोणचं घातलंस?"

मी सांगितलं. त्यांनी एका ग्लासात वाकून पाहिलं. पाणी तांबूस झालं होतं.

"हा स्क्रू कुठला?"

"मेजरसाहेबांच्या रिळाचा."

"या अल्ला! विकायला ठेवलेल्या मालाचं तू लोणचं घातलंस! हरामखोरा, आता तसला स्क्रू मी कुठून आणू?"

दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण जमादार आल्यावर दोन्ही ग्लास त्यांनी स्वतःच काउंटरवर आणून ठेवले आणि हिरवं रीळ विकलं. तेलपाणी लागणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या पेटीत मी चिठ्ठी लावतो, तशी याही पेटीच्या झाकणाला आतून एक चिकटवली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'रोज वापर झाल्यावर गोड्या पाण्याने धुवावे. फडक्याने कोरडे करावे. हँडल काढून भोकातून तेल द्यावे.' आणि मग त्या उत्साहात ते दहा वर्षांचं बोलून गेलो.

आता तेच रीळ माझ्यासमोर घट्ट बसून होतं.

जमादार पुतणीच्या लग्नासाठी आले होते आणि बाजार करायला नगरला उतरले होते. सोबत काकूही होत्या. त्या दारातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तीनच्या एस. टी. ने त्यांना जायचं होतं.

अब्बासभाई मला आतल्या बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "उघड. गंज निघाला तर मला माल बदलून द्यावा लागेल. आणि मग तू दुसरीकडे काम बघ. मी रागाने नाही बोलत. पण माझं गिऱ्हाईक शब्दावर येतं, मालावर नाही."

मी स्क्रूड्रायव्हर घेतला. कोपर काउंटरवर टेकवलं. पहिला स्क्रू सहज सुटला. दुसरा आणि तिसराही. स्क्रूंवर एक डाग नव्हता. मला थोडा धीर आला. पण झाकण निघेना. ते चिकटलं होतं. पात्याचं टोक फटीत घालून हळूच उचकटलं तेव्हा ते फट्ट आवाज करून निघालं.

आत गंज नव्हता. सगळ्या गिअरवर पिवळट तपकिरी थर होता. बोट लावलं तर चिकटलं. आणि वास आला.

तो वास माझ्या चांगल्या ओळखीचा होता. आमच्या घरी चुलीशेजारी तेलाची बरणी असते. तिच्या गळ्याला असाच पिवळा चिकट थर बसतो. आई तो राखेने घासते तरी पूर्ण निघत नाही. मी पुन्हा वास घेतला. करडईचं तेल.

करडईचं तेल पातळ थरात हवेवर राहिलं की वाळतं आणि त्याचं रोगण होतं. गावाकडे मोटेच्या कातड्याला ते चोळायचे ते याचसाठी. रिळात मात्र मशीनचं तेल लागतं, जे वाळत नाही.

मी बाकाकडे पाहिलं. "काकू, रिळाला तेल कोण घालतं?"

"मीच की," काकू म्हणाल्या. "ह्यांचं काय, मासं टाकलं, काठी टाकली, की बसलं बिडी वढत. तू चिठ्ठीत लिव्हलं हुतं ना, माझी भाची वाचून दावती. रोज धुती, पुसती, तेल घालती. एक दिस चुकले न्हाई."

"कोणतं तेल?"

"घरचं! घाणीचं! तिकडचं खोबऱ्याचं तेल आपल्याला जात न्हाई बाबा. म्हनून डबा हितनं भरून नेती. त्यातलंच जरा जरा ह्यांच्या गिरनीला."

जमादार सावकाश वळले. "करडीचं तेल घातलं रिळात?"

"मंग काय रॉकेल घालू?"

"आगं, बंदुकीला कुनी करडीचं तेल घालतं का?"

"माझ्या बापानं बंदूक दिली न्हवती मला. तवा दिला हुता."

अब्बासभाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. पण जमादार हसत नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सायबापुढं माझी शोभा केली तू," ते म्हणाले. काकूंनी पिशवी घट्ट धरली आणि खाली पाहिलं.

मला वाटलं, मी आता गप्प बसलो तरी चालेल. मी निवडलेलं रीळ चांगलं होतं, हे सिद्धच झालं होतं. चूक काकूंच्या नावावर गेली होती. पण चिठ्ठी पेटीत होतीच. मी ती पुन्हा वाचली. 'तेल द्यावे.' कोणतं, ते कुठेच नव्हतं.

"जमादारसाहेब," मी म्हणालो, "काकूंनी चिठ्ठीत होतं तसंच केलं. रोज धुतलं, म्हणून आत मिठाचा कणही नाही. चिठ्ठी अर्धवट होती. ती मी लिहिली."

मी अब्बासभाईंकडे पाहायचं टाळलं.

मग तेच म्हणाले, "चिठ्ठी दुकानाची आहे. आत जा आणि स्टोव्हमधलं रॉकेल घेऊन ये. सगळं नको आणू, संध्याकाळचा चहा व्हायचाय."

मी गिअर बशीत ठेवले, रॉकेल ओतलं आणि जुन्या टूथब्रशने घासत बसलो. आधी काहीच सुटेना. मग थर मऊ झाला आणि त्याच्या साली निघू लागल्या. खालून पितळ वर आलं. जसं दिलं होतं तसंच. एकही दात झिजला नव्हता. जमादार बाजूला उभं राहून पाहत होते. काकूही उठून आल्या.

"बघा," काकू म्हणाल्या, "देवाच्या समईवानी ठिवलंय मी."

"ठिवलंय खरं," जमादार म्हणाले. राग उतरत होता.

सगळं कोरडं केलं, जोडलं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि रीळ जमादारांच्या हातात दिलं. स्वतः फिरवायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी एका बोटाने हँडलला धक्का दिला. ते गर्रकन फिरलं आणि बोट काढल्यावरही दोन फेरे फिरत राहिलं.

"आता दहा वर्सं?" जमादारांनी विचारलं.

मी जरा विचार केला. "मशीनचं तेल घातलं तर बरीच वर्षं," मी म्हणालो. "आकडा नाही सांगत."

अब्बासभाईंनी मशीनच्या तेलाची एक बाटली काकूंच्या पिशवीत टाकली. काकूंनी ती काढून हुंगली आणि नाक मुरडलं. "आसलं घान तेल घालायचं व्हय? मंग आधी सांगायचं ना, माझा अर्धा शेर तरी वाचला आसता." ती दोघं तीनच्या गाडीला वेळेत गेली. साहेबांसाठी तसलंच रीळ मिळालं तर ठेवा, असं जमादार दारातून सांगून गेले.

त्या दिवशी अब्बासभाईंनी मला दुसरं काम बघायला सांगितलं नाही. कपाटातल्या सगळ्या पेट्या खाली काढायला सांगितल्या, प्रत्येकीतली चिठ्ठी बदलायला.

मी बसून चौदा चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. समुद्र पाहिला नव्हता म्हणून त्याची मी इतकी काळजी घेतली होती. घरची तेलाची बरणी जन्मापासून पाहत होतो, तिचा विचारही मनात आला नव्हता. आता चिठ्ठीत असं लिहितो: 'शिलाई मशीनचे तेल, दोन थेंब. खायचे तेल घालू नये.' अब्बासभाईंनी पहिली चिठ्ठी वाचली आणि त्याखाली स्वतःच्या हाताने भर घातली: 'कितीही चांगले असले तरी.'