चिंचेवरचं पाळीव यीस्ट

राधा आणि निनाद,

परवाच्या व्हिडिओ कॉलवर राधाने सावरडोची, म्हणजे पावासाठी आंबवत ठेवलेल्या पिठाची, बरणी दाखवली. ती तिला रोज पीठ घालते आणि 'गुंड्या' म्हणते हे ऐकून मला हसू आलं. मग निनादने विचारलं, "आजी, तुमच्या कॉलेजसारख्या छोट्या कॉलेजातून रिसर्चला कुणी जाऊ शकतं का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेट गेलं. म्हणून लिहिते. बरणी आणि रिसर्च, दोन्हींसाठी मला एकच मुलगी आठवते.

"मॅडम, हे मरायला तयार हाय, पण बिया करायला तयार न्हाई."

प्रज्ञा मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलता बोलली. आष्टीच्या एका प्राथमिक शिक्षकाची ही मुलगी, आमच्याकडे एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होती. माझंही नोकरीचं ते शेवटचं वर्ष. एका मोठ्या संशोधन संस्थेने उन्हाळ्यासाठी विद्यार्थी मागवले होते. यीस्टचं जेनेटिक्स आणि इकॉलॉजी, म्हणजे यीस्ट कुठे राहतं, कुणाबरोबर राहतं आणि त्याच्या डीएनएमध्ये त्याच्या राहणीच्या काय खुणा उमटतात, असा विषय होता. प्रज्ञाचा फॉर्म गेला होता. इंटरव्ह्यूचा कॉलही आला होता. इंटरव्ह्यू पुढच्याच आठवड्यात होता.

फॉर्मवर तिच्या कामाचं टायटल होतं: 'वाटूर परिसरातील झाडाच्या सालीवरचं रानटी यीस्ट.'

पाव फुगवणारं यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय बुरशी. त्याचे रानातले भाऊबंद झाडांच्या सालीवर राहतात. वाटूर फाट्यावर एसटीची वाट बघताना प्रज्ञाने तिथल्या चिंचेची साल खरवडून नळीत घेतली होती. ती साखरेच्या पाण्यात ठेवली, त्यात थोडा अल्कोहोल घातला. अशा पाण्यात बाकीचे जंतू हटतात, यीस्ट टिकतं. तिचं टिकलं, आणि कुठली साखर पचते हे बघायच्या चाचण्यांत पावाच्या यीस्टचं सख्खं नातेवाईक निघालं. आम्ही सगळे खूश होतो.

मग तिने त्याला प्रयोगाच्या ताटलीवर उपाशी ठेवलं. रानटी यीस्टला खायला मिळालं नाही की ते एका पिशवीत चार बिया करून ठेवतं. दिवस बरे आले की त्या रुजतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पोसलेलं यीस्ट ही सवय बऱ्याचदा विसरतं. दुष्काळ त्याने पाहिलेलाच नसतो.

"ताटलीच खराब असेल गं," मी म्हणाले.

"आपल्या कॉलेजचं जुनं यीस्ट त्याच ताटलीवर बराबर बिया करून राह्यलंय, मॅडम. हे आपलं बसून हाय, कुणी जेवायला वाढील म्हणून. हे रानटी न्हाई. पाळलेलं वाटून राह्यलं."

"फाट्यावर यीस्ट कोण पाळणार?"

तिने वर पाहिलं. "त्या झाडाखाली जिलेबीचा गाडा हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी फाट्यावर गेलो. गाडा बशीरभाईंचा. प्रज्ञाने नळ्या आणि निर्जंतुक कापूस बाहेर काढल्याबरोबर त्यांनी झारा खाली ठेवला.

"फूड इन्स्पेक्टर हाय काय, बाई?"

"न्हाई चाचा, कॉलेजातून आल्ते. तुमचं खमीर जरासं पाह्यजे."

"खमीर? लोक जिलेबी मागतात, तुम्ही खमीर मागू राह्यल्या!" पण त्यांनी टोपावरचं फडकं काढलं. आदल्या दिवशीचं थोडं पीठ ठेवायचं, ते नव्या मैद्यात मिसळायचं, ही रीत त्यांच्या अब्बांपासूनची.

"आणि टोप धुतलेलं पाणी कुठं टाकता?" प्रज्ञाने विचारलं.

"टाकणार कुठं? हितंच, झाडाला. पाण्याची टंचाई हाय, नालीत कशाला घालू?"

प्रज्ञा झाडाच्या बुंध्याकडे बघत राहिली. मग हसायलाच लागली. खमीरच त्या पाण्यातून सालीवर गेलं असावं, हे सांगितल्यावर बशीरभाई गाड्यावरच्या लोकांना ओरडून म्हणाले, "ऐका, माझी जिलेबी झाडाला बी लागली!" पैसे न घेता त्यांनी आमच्या हातात एक पुडा दिला.

कॉलेजात मात्र कुणाला हसू आलं नाही. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, फॉर्म गेलाय. आता कशाला उकरता? रानटी यीस्ट म्हटलं की कसं वजन पडतं. जिलेबीचं म्हटल्यावर हसतील ते. आपल्याकडून पहिल्यांदाच कुणाला कॉल आलाय."

"तिचा इंटरव्ह्यू आहे सर. तिला ठरवू द्या."

प्रज्ञा दारातच उभी होती. "सर, जागा गेली तर जाऊ द्या. पण तिथं जाऊन त्यांनी डीएनए काढला तर काय तोंड दाखवू?"

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. स्टाफरूममध्ये लॅपटॉपसमोर ती, आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी मी कपाटाशेजारी. पहिल्याच प्रश्नाआधी ती म्हणाली, "सर, माझं टायटल चुकलेलं आहे." आणि अडखळत्या पण सरळ इंग्रजीत तिने बिया, टोप आणि धुतलेलं पाणी, सगळं सांगितलं. पडद्यावरचे चेहरे हललेच नाहीत. मला वाटलं, आमचं नेट गेलं.

मग त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "झाडावरचं आणि टोपातलं यीस्ट एकच आहे, हे कशावरून?"

"कशावरूनच नाही, मॅडम. माझी शंका आहे. त्याला डीएनए तपासावा लागेल. आमच्याकडे ती सोय नाही. म्हणूनच तुमच्याकडे यायचंय."

बाई मोठ्याने हसल्या. ते हसणं चेष्टेचं नव्हतं, हे मला कपाटाशेजारीही कळलं.

तिची निवड झाली. तिथे तिने तीन नमुने तपासले: झाडाचा, टोपाचा आणि दुकानातल्या पाकिटाचा. डीएनएचे पट्टे शेजारी शेजारी लावले. झाड आणि टोप जुळले. पाकीट वेगळं निघालं. म्हणजे बशीरभाईंचं खमीर बाजारातल्या यीस्टपासून निघालेलं दिसत नाही. मग ते मूळचं कुठलं, हे अजून कुणाला माहीत नाही. त्याच प्रश्नावर प्रज्ञा आता पीएच.डी. करते आहे.

तेव्हा निनाद, छोट्या कॉलेजातून जाता येतं. चाळीसेक वर्षं शिकवताना मी हुशार मुलं पुष्कळ पाहिली. स्वतःच्याच निकालाच्या मागे असं हात धुऊन लागणारी फार थोडी. आणि एक व्यवहाराची गोष्ट: झाडाचा नमुना घेण्याआधी झाडाखाली काय सांडतं ते बघावं.

गेल्या महिन्यात रस्त्याच्या कामात ती चिंच गेली. बशीरभाईंचा गाडा पलीकडच्या बाजूला गेला, टोप तोच आहे. आणि प्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीझरमध्ये एका बोटाएवढ्या नळीत झाडावरचं यीस्ट जिवंत आहे. नळीवर अजून तिच्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'वाटूर, चिंच.'