दुसरी लेव्हल पार झाली की

“अहो बाई, मी जरा जपानला जाऊन येतो, मग पेशंट सोडा,” असं रोज सकाळी सांगणारा दातांचा डॉक्टर तुम्ही पाहिलाय कुठे? मी पाहिलाय. पनवेलात बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि मी तिथे पेशंटचे नंबर लावायचं काम करायचे. जपान म्हणजे आतल्या खोलीतला टीव्ही आणि त्याला जोडलेला व्हिडिओ गेम.

तो गेम त्यांच्या एका पेशंटनं आणला. जहाजावर इंजिनिअर होता तो. “डॉक्टर, येताना काय आणू?” असं त्यानं विचारलं. लोक घड्याळ मागतात, सेंट मागतात. साठी उलटलेल्या आमच्या डॉक्टरांनी मागितला विमानाचा गेम, तोही जपानातलाच हवा असं बजावून! आला तेव्हा कळलं, त्याला वीजही वेगळी लागते आणि टीव्हीही वेगळा. विजेसाठी एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर मिळाला, आपल्या टीव्हीवर रंग मात्र शेवटपर्यंत मिळाले नाहीत. आमच्याकडे सगळं जपान काळंपांढरं. पडद्यावरचं एक अक्षर वाचता यायचं नाही. “वाचून करायचंय काय? खेळात मेल्यावर येतात म्हणजे शिव्याच असणार,” डॉक्टर म्हणायचे.

“एवढं परदेशातून मागवण्यासारखं काय आहे हो त्यात?” मी एकदा न राहवून विचारलं. मला तर कुणीतरी साबुदाण्याचा डबा सांडल्यासारखं दिसायचं. जिकडेतिकडे पांढऱ्या गोळ्या आणि मधे एक चिमुकलं विमान.

“बघा बाई,” नजर न हलवता ते म्हणाले, “स्टँडजवळच्या पार्लरमधल्या गेममध्ये गोळ्या मोजक्या, पण सुसाट येतात. तिथे पोरांनीच जिंकावं. इथे गोळ्या हळू येतात, पण पडदा भरून. पंखाला लागलं तरी चालतं, मधला ठिपका तेवढा जपायचा. धांदल केली की मेलात. तांदळाएवढं सरकायचं, बस्स. अहो, दाढ काढताना मी दुसरं काय करतो?”

हे खरंच होतं, पण अर्धंच. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. रोज नव्हे, एखाद्या दिवशी. तो दिवस कोणता, हे सकाळी उठल्यावर त्यांनाही कळायचं नाही. म्हणून त्यांनी नेम केला होता: दुसरी लेव्हल पार झाली तरच अवजाराला हात लावायचा. जपानच्या गोळ्या लागल्या की त्या दिवशी पेशंटलाही नुसत्या गोळ्याच मिळायच्या आणि पुढची तारीख. घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मला एकदा म्हणाले, “हात गेला तर मी कोण हो, बाई?” मी चहा तेवढा पुढे केला.

बाहेर पेशंट खोळंबायचे, पण कुरकुर नव्हती. कामोठ्याच्या एक आजी यायच्या, त्या तर दाराचा पडदा सारून डोकावायच्या. “चालू दे डाक्टर, आमाला घाई नाय. तुमचा विमान उतरला का बोलवा.”

याच आजींची दाढ काढायची होती, आणि डॉक्टरांनी दोनदा त्यांना तारीख देऊन परत पाठवलं होतं. तिसऱ्या खेपेला त्या आल्या त्या सकाळी विमान पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडलं. मग तर पहिल्याच लेव्हलला. मी दारात उभी. डॉक्टरांनी बटण बंद केलं.

“बाई, आजींना आता परत नाही पाठवायचं. त्यांना दुखतंय.”

“मग?”

“मग काय! माझ्यानं होणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही.”

इतकं साधं बोलले हो, की मलाच रडू फुटलं. दवाखान्याला कुलूप त्यांनी स्वतः लावलं. ते पुन्हा उघडलं ते सामान हलवायलाच. आजींना आणि मला रिक्षात घालून ते नवीन पनवेलला एका तरुण डॉक्टरकडे घेऊन गेले. “पोरगा हुशार आहे, आजी. मी शेजारी उभा राहतो,” एवढंच वाटेत बोलले.

आजी खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. तरुण डॉक्टरनं चिमटा उचलला आणि आमच्या डॉक्टरांचा हात आजींच्या हातात थरथरायला लागला. मी खाली बघितलं. आजींनी त्या तरुण डॉक्टरला थांबवलं, तोंडातला कापूस काढला.

“डाक्टर, तुमी कशाला घाबरता? दाढ माजी हाय.”

मग त्यांनी आपला दुसरा हातही त्या हातावर ठेवला आणि पुन्हा तोंड उघडलं.